नाव तेच, माणूस परका

मस्जिद बंदरच्या एका पेढीत सोमवारी सकाळी हिशेब बघणाऱ्या काकांनी नेहमीच्या नावाने सर्व्हरवर लॉगिन केलं, तर समोर कोरा डेस्कटॉप. एक्सेलच्या फायली नाहीत, टॅलीचा शॉर्टकट नाही, नातवाचा वॉलपेपरही नाही. ‘अहो, नाव तर माझंच टाकलंय!’ काका म्हणाले. आदल्या दिवशी तो सर्व्हर मीच डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या संगणकांच्या सामायिक व्यवस्थेत घातला होता, त्यामुळे जबाब मलाच द्यायचा होता.

टर्मिनल सर्व्हर म्हणजे दहा-पंधरा जण मिळून वापरतात तो एकच संगणक. टेबलावरच्या मशीनवर फक्त त्याचं चित्र दिसतं. काम तिकडे होतं. तो एकटा असतो तेव्हा कोण आपला, कोण परका याची वही त्याच्याच पोटात असते. डोमेनमध्ये ही वही डोमेन कंट्रोलर नावाच्या दुसऱ्या सर्व्हरकडे जाते. विंडोज २००० पासून या सामायिक वहीला ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात.

गोची अशी की विंडोज माणसाला नावाने ओळखतच नाही. प्रत्येक खात्याला ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक नंबर असतो, त्याला एसआयडी म्हणतात. त्यातले मधले आकडे वही कोणाची ते सांगतात, शेवटचा आकडा माणूस कोणता ते. वही बदलली की मधले आकडे बदलणारच. म्हणजे सर्व्हरच्या वहीतले काका आणि डोमेनच्या वहीतले काका, स्पेलिंग अगदी सारखं असलं तरी, विंडोजच्या लेखी दोन वेगळी माणसं. नवा नंबर दिसला की ते नवं फोल्डर उघडतं. जुन्या नावाचं फोल्डर आधीच असल्यामुळे नव्याच्या नावापुढे टिंब देऊन डोमेनचं नाव चिकटवतं. काकांचं सामान शेजारच्याच फोल्डरमध्ये शाबूत होतं, फक्त कुलूप जुन्या नंबराचं होतं.

नुसतं कॉपी-पेस्ट करून हे सुटत नाही. फायलींवरचे हक्क नव्या नंबराला द्यावे लागतात, काकांच्या सेटिंग्ज जिथे साठतात त्या रजिस्ट्रीच्या फायलीवरचेही. मग कोणत्या नंबराचं कोणतं फोल्डर या नोंदीत जुन्या फोल्डरचा पत्ता घालायचा. हे करून देणारी तयार साधनं मिळतात. ती रविवारीच वापरायला हवी होती, हे सोमवारी कळतं.

बाकीच्या अडचणी त्यामानाने किरकोळ. सर्व्हरला डीएनएस म्हणून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा म्हणून, डोमेन कंट्रोलरचाच पत्ता द्यायचा, राउटरचा नव्हे. नाहीतर डोमेन सापडतच नाही. डोमेनमधले लोक ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ या, दुरून सर्व्हर वापरू शकणाऱ्यांच्या गटात आपोआप येत नाहीत, त्यांना घालावं लागतं. आणि घड्याळ! डोमेनमध्ये ओळख पटवणारी कर्बेरॉस ही पद्धत अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली. ती लोकलसारखी तिकिटावर चालते, तिकीट साधारण १० तासांचं. दोन मशीनच्या घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की ती दारातच अडवते. आपल्या लोकलला एवढी शिस्त लावली तर विरारपर्यंत कोणी पोचायचं नाही.

दुपारपर्यंत काकांचा नातू पडद्यावर परतला. ब्राउझरमध्ये साठवलेला बँकेचा पासवर्ड मात्र आला नाही. तो ज्या किल्लीने बंद होतो, तिच्यात जुन्या पासवर्डबरोबर जुना एसआयडीही मिसळलेला असतो.

‘त्यात काय एवढं,’ म्हणत काकांनी कीबोर्ड उचलला. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती.