आयएसओ वाढवल्यामुळे फोटो खराब होतो का?

आयएसओ ही फोटो किती उजळ दिसेल ते ठरवणारी कॅमेऱ्यातली सेटिंग. ‘अंधारात आयएसओ १०० वरच ठेवा, वाढवला की फोटोत दाणे येतात’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. दाणे दिसतात हे खरे. मात्र त्यांचे मुख्य कारण सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) पडलेला अपुरा प्रकाश हे असते आणि तो ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) व शटर (ते किती वेळ उघडे राहते) यांवर ठरतो. आयएसओ मिळालेला संकेत फक्त उजळ करतो.

नाशिकच्या रामकुंडावरची संध्याकाळची आरती घ्या. आयएसओ १०० च्या आग्रहापायी शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले, तर फिरत्या दिव्यांच्या रेघा उमटतात आणि आरती ओवाळणारे हात पुसट होतात. ही हललेली प्रतिमा नंतर सहसा सुधारत नाही, दाणे मात्र बऱ्याच अंशी कमी करता येतात. म्हणून ॲपर्चर मोठे, शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास आणि ज्योत पांढरीफटक पडणार नाही इतपत आयएसओ, हा क्रम मला योग्य वाटतो. ट्रायपॉडवरून स्थिर मंदिर टिपताना कमी आयएसओ उत्तमच.

पडताळणी घरीही होते. ॲपर्चर व शटर तेच ठेवून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात एक फोटो आयएसओ २०० वर, दुसरा ३२०० वर काढावा आणि पहिला संगणकावर चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजळावा. सावलीच्या भागात पहिल्यातले दाणे दुसऱ्याइतकेच, अनेक कॅमेऱ्यांत तर अधिकच, दिसतील.