‘काय’ची ‘गाय’: विंडोज टाकताना संगणक अडतो तेव्हा

संगणकात साठवलेल्या प्रत्येक अक्षराचा एक आकडा असतो. ‘क’ आणि ‘ग’ यांच्या आकड्यांत फरक आहे फक्त एका बिटाचा, म्हणजे एका शून्य-एकाचा: ‘क’चा शेवटचा बाइट १००१०१०१, ‘ग’चा १००१०१११. रॅममधल्या, म्हणजे संगणकाच्या कामचलाऊ स्मृतीतल्या, अब्जावधी बिटांपैकी नेमका तेवढाच उलटला, तर ‘काय’ची ‘गाय’ होते. वाचणारा हसून पुढे जातो. पडद्यावर उघडलेल्या फोटोत बिट उलटला तर एखाद्या ठिपक्याचा रंग किंचित बदलेल, आणि तो कुणाच्या नजरेसही पडणार नाही. अशी खोड असलेला संगणक वर्षभर बिनबोभाट चालू शकतो. मग एके दिवशी फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकायला घ्यावी, तर तो अर्ध्यावर आडवा पडतो.

पेनड्राइव्हवर विंडोज असते ती ‘इन्स्टॉल डॉट विम’ नावाच्या एका मोठ्या, दाबून भरलेल्या फाइलमध्ये. दाबून भरायची युक्ती अशी, की पुन्हा पुन्हा येणारा मजकूर परत लिहायचा नाही. ‘इतके बाइट मागे जा आणि तिथले इतके उचल’ एवढीच सूचना ठेवायची. त्या सूचनेतला एक बिट चुकला की उचलेगिरी भलत्याच जागेवरून होते, आणि त्यावर बेतलेलं पुढचं सगळं बिघडत जातं. शिवाय आतल्या प्रत्येक फाइलचा ठसा, म्हणजे हॅश, सोबत नोंदवलेला असतो. तो जुळला नाही की सेटअप थांबतो आणि ८००७०५७० किंवा ८००७०२५डी अशा शेपटीचा एरर दाखवतो. पहिल्याचा अर्थ ‘फाइल खराब आहे’.

लोक फसतात ते इथेच. फाइल खराब म्हटल्यावर आयएसओ, म्हणजे विंडोजची उतरवून घ्यायची अख्खी फाइल, पुन्हा उतरवायची, पेनड्राइव्ह पुन्हा बनवायचा, असं दोन-तीनदा चालतं. पण सेटअपला दिसतं ते फक्त हाती आलेलं जुळत नाही एवढंच. पेनड्राइव्ह, यूएसबी पोर्ट, रॅम, प्रोसेसर, डिस्कची केबल आणि डिस्क, या वाटेत बिट कुठे उलटला हे त्याला कळायचं काही साधन नाही.

म्हणून पहिलं काम पेचकस काढायचं नव्हे, कागद-पेन घ्यायचं. काहीही न बदलता तेच इन्स्टॉलेशन तीनदा चालवा. दर वेळी किती टक्क्यांवर अडलं आणि कुठला आकडा आला, ते लिहून ठेवा. तिन्ही वेळा गाडी एकाच जागी अडली तर संशय पेनड्राइव्हवर किंवा डिस्कच्या ठरावीक जागेवर. एकदा १२, एकदा ६१, एकदा मधेच निळा पडदा, असं झालं तर संशय रॅमवर, नाहीतर उष्णतेवर किंवा एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर. नियम शंभर टक्के नाही, पण निम्मी धावपळ वाचवतो.

पेनड्राइव्हचा निकाल लवकर लागतो. उतरवलेल्या आयएसओचा एसएचए-२५६ ठसा विंडोजमधल्या ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने काढा आणि मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर दिलेल्या ६४ अक्षरांशी ताडून पाहा. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. स्वस्तात मिळालेल्या ‘५१२ जीबी’वर भरवसा नको: अशा काही पेनड्राइव्हमध्ये खरी जागा थोडीच असते आणि ती भरली की पुढचं लिखाण हवेत जातं. फाइल हाताने कॉपी करणाऱ्यांना आणखी एक अडथळा येतो. यूएफईआय या हल्लीच्या पद्धतीने बूट व्हायला, म्हणजे त्यावरून संगणक सुरू व्हायला, पेनड्राइव्ह सहसा फॅट३२ या मांडणीचा लागतो, आणि फॅट३२मध्ये ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही. हल्लीची विम फाइल ही मर्यादा ओलांडते. रुफससारखं पेनड्राइव्ह बनवणारं साधन यातून वाट काढतं, तेव्हा तेच वापरावं. पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात न लावता मागे थेट मदरबोर्डवर लावा, शक्यतो यूएसबी २च्या. ‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ हा बुचकळ्यात टाकणारा संदेश अनेकदा एवढ्यानेच जातो.

डिस्कच दिसत नसेल तर तो बिघाड नसण्याची शक्यता जास्त. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर बऱ्याचदा बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी ही इंटेलची डिस्क सांभाळायची सोय चालू असते आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, फोल्डर उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. डिस्क दिसते पण ‘एमबीआर आहे, जीपीटी हवी’ अशी तक्रार आली (डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायची ही जुनी आणि नवी पद्धत), तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडा. तिथे डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, या क्रमाने आज्ञा द्या. ‘क्लीन’ विचारत नाही, थेट पुसते. म्हणून बाकीच्या डिस्कच्या केबल आधीच काढून ठेवाव्यात. त्या लावलेल्या असल्या तर कधी कधी सेटअप बूटचं पार्टिशन भलत्याच डिस्कवर करतो, आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक उठतच नाही.

आता रॅम. तिचा प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरवरचा विद्युतभार. हा भार गळत राहतो, म्हणून डीडीआर४ प्रकारच्या रॅममध्ये साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरला जातो. एखादा कपॅसिटर कमजोर असेल तर भरण्याची पाळी येण्याआधीच रिता होतो, आणि गरम झाल्यावर जास्तच. थंड असताना धड चालणारा आणि वीस मिनिटांनी कोसळणारा संगणक म्हणूनच पाहायला मिळतो. निरोगी रॅममध्येही क्वचित बिट उलटतो. १९७८ साली इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवून दिलं, की चिपच्या सिरॅमिक वेष्टनातल्या नाममात्र युरेनियम-थोरियममधून निघणारे अल्फा कण असा बिट उलटवतात. पण एका दुपारी तीन इन्स्टॉलेशन पाडायला अल्फा कण येत नाहीत. तिथे रॅमची पट्टीच सदोष, नाहीतर तिला झेपत नाही अशा वेगाने पळवली जातेय.

तेव्हा आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगाने पळवणारं सेटिंग, बंद करा. डीडीआर४चं मानक ३२००वर संपतं. पट्टीवर ३६००चा स्टिकर असेल तर तो वेग ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे मानकापलीकडचा आहे, आणि तो झेपेल की नाही हे प्रोसेसर आणि मदरबोर्डवरही ठरतं. बऱ्याच संगणकांचं दुखणं या एका बदलाने थांबतं. नाही थांबलं तर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून बूट होऊ न देणारं सेटिंग) तात्पुरतं बंद करावं लागू शकतं. १६ जीबीच्या एका फेरीला तास-दोन तास जाऊ शकतात. रात्रभर चालू ठेवून किमान चार फेऱ्या होऊ द्या. लाल ओळ एक आली तरी नापास. ‘एकच तर एरर आहे’ हा हिशेब इथे चालत नाही.

लाल ओळ आली की वीज बंद करून, प्लग काढून, एकच पट्टी ठेवा. बहुतेक चार-स्लॉटी बोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटात बसते. पट्ट्या आळीपाळीने तपासा. एरर पट्टीसोबत फिरला तर पट्टी खराब. पट्टी बदलूनही त्याच स्लॉटला चिकटून राहिला तर स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. कोकणासारख्या दमट हवेत नुसता संपर्क बिघडलेलाही असतो. आपल्याकडे सोनेरी पट्टा खोडरबराने घासायची रीत आहे. गुण येतो, पण चुरा स्लॉटात पडतो आणि सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं कापड बरं.

रॅम निर्दोष ठरली तर डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद, पाहा. साटा (केबलने जोडायच्या) डिस्कच्या नोंदीत क्रमांक ५, १९७ आणि १९८ खराब सेक्टरांबद्दल सांगतात. १९७चा आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर विंडोज टाकण्यात अर्थ नाही. १९९ मात्र डिस्कचा नव्हे, बहुधा केबलचा दोष सांगतो. हा आकडा कधी खाली येत नाही. म्हणून तो लिहून ठेवा, केबल बदला आणि पुढे चढतो का तेवढं बघा.

फाइल भरून झाल्यावर पहिला रीस्टार्ट होतो, तेव्हा पेनड्राइव्ह काढून घ्या. नाहीतर संगणक पुन्हा त्यावरूनच उठतो आणि सेटअप पहिल्यापासून सुरू झालेला पाहून माणूस हबकतो. या टप्प्यानंतर पडदा काळा झाला किंवा संगणक धाडकन बंद पडला तर संशयितही बदलतात. तोवर ग्राफिक्स कार्ड साध्या, कामचलाऊ ड्रायव्हरवर चालत होतं. आता खरे ड्रायव्हर जागे होऊ लागतात आणि वीज जास्त ओढली जाते. वेगळं कार्ड काढून मदरबोर्डवरच्या डिस्प्लेवर चालवून बघा (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच). १२ व्होल्टची तार ११.४च्या खाली जात असेल तर एसएमपीएस बदला. बायोसमध्येच प्रोसेसर नव्वदीपार गेलेला दिसला, तर पंखा आणि थर्मल पेस्ट.

एक मोह टाळायला हवा: पाचव्या प्रयत्नात काही न बदलता विंडोज बसली म्हणून तीच वापरायची. त्या रॅममधूनच डिस्कवर सगळं लिहिलं गेलेलं असतं, आणि ठसा ताडून झाल्यानंतर उलटलेला बिट कुणीच तपासलेला नसतो. पट्टी बदलल्यावर डिस्क पुन्हा क्लीन करून विंडोज नव्याने टाका. एक्सएमपी त्यानंतरच चालू करा, आणि केलं तर ती रात्र पुन्हा मेमटेस्टला द्या.