क्लिपला आवाज येत नाही? कार्ड रिकामं करण्याआधी वाचा

"भाऊ, चित्र दिसते, पण आवाजच नाही येऊन राहिला." लग्नसराई लागली की दारव्हा, दिग्रस, आर्णीकडच्या फोटोग्राफर मंडळींचा हाच फोन असतो. कोणी स्वतः मिक्सिंग (व्हिडिओचं एडिटिंग) करतं, कोणी आमच्या दुकानात देतं, अडचण एकच.

आधी ती क्लिप व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवर लावून पाहा. तिथेही आवाज नसेल, तर तो बहुतेक रेकॉर्डच झालेला नाही. माइकची पिन आणि कॅमेऱ्याची सेटिंग तपासा. ड्रोनच्या किंवा टाइमलॅप्सच्या क्लिपला आवाज नसतोच, ती काळजी सोडा. व्हीएलसीत ऐकू येतो पण प्रीमिअर किंवा एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, तर आवाज शाबूत आहे. व्हीएलसी आपले कोडेक (आवाज-चित्र उलगडणारे छोटे प्रोग्रॅम) सोबत घेऊन येतो, म्हणून तो जवळपास काहीही वाजवतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. हँडीकॅमचं एव्हीसीएचडी (एक व्हिडिओ फॉरमॅट) कार्ड उघडलं की आत प्रायव्हेट, एव्हीसीएचडी, बीडीएमव्ही असे एकात एक फोल्डर लागतात. शेवटी स्ट्रीम फोल्डरमध्ये व्हिडिओच्या एमटीएस फायली दिसतात. बहुतेक जण तेवढ्याच पेनड्राइव्हवर ओढतात, कारण शेजारच्या क्लिपइन्फ आणि प्लेलिस्टमध्ये चार-दोन केबीच्या फायली असतात, त्या बिनकामाच्या वाटतात. पण लांब शूटिंग कॅमेरा तुकड्यांत साठवतो, आणि कोणता तुकडा कोणाला जोडायचा ते त्याच छोट्या फायलींत लिहिलेलं असतं. त्या नसल्या की पुढच्या तुकड्याचा आवाज गायब होतो किंवा जोडावर तुटतो. मंगलाष्टकं सलग चाललेली असतात, म्हणून नेमका तोच भाग मुका निघतो. फायलींची नावं बदलली तरी हेच होतं.

म्हणून कार्डातला प्रायव्हेट फोल्डर अख्खा उचला. प्रत्येक कार्डासाठी वेगळा फोल्डर करा, वर गावाचं आणि नवरदेवाचं नाव टाका. आतलं काही हलवू नका. प्रीमिअरमध्येही फायली थेट ओढण्यापेक्षा मीडिया ब्राउझरमधून घ्या, तुकडे आपोआप जोडून येतात.

एवढं करूनही आवाज आला नाही, तर कोडेक पाहा. हँडीकॅमचा आवाज बहुधा डॉल्बी एसी-३ प्रकारचा असतो. नवं प्रीमिअर त्यासाठी विंडोजच्या कोडेकवर अवलंबून असतं आणि तो प्रत्येक कॉम्प्युटरवर असेलच असं नाही. व्हीएलसीत Ctrl आणि J ही बटणं एकत्र दाबली की आवाजाचा प्रकार दिसतो. तो आवाज ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह (WAV) फाइलमध्ये बदलून घेतला की काम भागतं. प्रीमिअरच्या टाइमलाइनवर क्लिपचं नुसतं चित्रच उतरत असेल, तर डावीकडे सोर्सचं ए१ (आवाजाच्या पट्टीचं बटण) बंद राहिलंय का बघा. मोबाइलच्या क्लिपमध्ये आवाज ओठांशी जुळत नसेल, तर ती हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेटवर बदला.

आम्ही पेनड्राइव्हपेक्षा मूळ कार्डच का मागतो, यावर काही जण नाराज होतात. दुसऱ्या दिवशी पुढचं लग्न असतं, कार्ड रिकामं हवं असतं, हे आम्ही जाणतो. पण कार्ड एकदा फॉरमॅट होऊन त्यावर नवं शूटिंग पडलं, की त्या छोट्या फायली परत मिळत नाहीत. मग आवाज हाताने जुळवत बसावं लागतं आणि त्याची मजुरी वेगळी लागते. कार्ड आमच्याकडे आणलं तर कॉपी मोफत करून देतो. इन्व्हर्टर असल्यामुळे मधेच लाइन गेली तरी फाइल अर्धवट राहत नाही. हळद, मंगलाष्टकं आणि वरात हेडफोन लावून तुमच्यासमोर तपासतो, मगच कार्ड परत देतो. बाजाराच्या दिवशी आलात तर भाजी घेईपर्यंत कॉपी तयार असते.

ज्यांना स्वतःच कॉपी करायची आहे, त्यांनी पेनड्राइव्ह एक्सफॅट (exFAT) प्रकारात फॉरमॅट करून घ्यावा. फॅट३२ (FAT32) या जुन्या प्रकारावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पाहुण्यांच्या मोबाइलवरच्या क्लिपा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला सांगा. आणि आमचा "तपासलं" असा फोन येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. जादा कार्ड लागत असेल तर दुकानात ठेवलेली आहेत, आमच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलेलीच देतो.