स्टोव्हच्या खटक्यावर किती विसंबावे?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खटका दाबताच पेटणारा कॅम्पिंग स्टोव्ह घेतल्यावर काडेपेटी बरोबर न्यावी लागते का, असा प्रश्न ग्राहक आम्हांला आवर्जून विचारतात. असे स्टोव्ह आम्ही स्वतः विकतो, तरीही आमचे उत्तर ‘न्यावीच’ असे असते. त्यामागची कारणे येथे देत आहोत.

या खटक्यात बॅटरी नसते. आत खास सिरॅमिकचा लहानसा तुकडा आणि स्प्रिंगवर ताणली जाणारी हातोडी असते. खटका पुरता दाबला की हातोडी सुटून त्या तुकड्यावर आदळते आणि क्षणभर काही हजार व्होल्टचा विद्युतदाब निर्माण होतो. काही स्फटिकांवर भार पडला की त्यांत वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. ही वीज तारेतून इलेक्ट्रोडच्या, म्हणजे बर्नरजवळच्या धातूच्या बारीक काडीच्या, टोकापर्यंत जाते आणि तेथून बर्नरपर्यंतचे काही मिलिमीटरचे अंतर ठिणगीच्या रूपाने ओलांडते.

हातोडी आणि सिरॅमिक सहसा लवकर दगा देत नाहीत. बिघाड बहुधा पुढच्या वाटेत असतो. सामान भरताना किंवा भांडे ठेवताना इलेक्ट्रोड वाकतो आणि अंतर बदलते. त्याच्याभोवतीच्या पांढऱ्या आवरणावर दव, काजळी किंवा उतू गेलेल्या अन्नाचा खारट थर बसला, की वीज त्या थरावरून निसटते आणि टोकाशी ठिणगी पडत नाही. तारेचे वेष्टन चिरले असेल, तर ठिणगी मध्येच कोठेतरी पडते. यासाठी कॅनिस्टर, म्हणजे गॅसचा डबा, काढून, स्टोव्ह अंधारात ठेवून खटका दाबून पाहावा. ठिणगी नेमकी कोठे पडते ते लगेच दिसते.

घरी न चुकता पेटणारा स्टोव्ह उंच डोंगरावर का पेटत नाही, हे मात्र पुष्कळांना कोडे वाटते. सुमारे ३,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो आणि ५,५०० मीटरवर तो जवळजवळ निम्मा होतो. विरळ हवेत ठिणगी कमी विद्युतदाबावरच उडते, त्यामुळे तिच्यातील ऊर्जा घटते; उलट गॅस आणि हवेचे मिश्रण पेटण्यास लागणारी ऊर्जा वाढते, आणि हवेचा दाब निम्मा झाला तर ती साधारण चौपट होते. म्हणूनच अशा ठिकाणी ठिणगी डोळ्यांना दिसत असूनही ज्योत धरत नाही. हा स्टोव्हमधील दोष नव्हे आणि तो दुरुस्तीने जातही नाही.

थंडीत मात्र उगाच खटक्याला दोष दिला जातो. कॅनिस्टरमधील ब्यूटेन या गॅसचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे गोठणबिंदूच्या आसपास त्याची वाफच पुरेशी होत नाही. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश असल्याने त्याचे मिश्रण असलेला कॅनिस्टर अधिक काळ साथ देतो. ठिणगी दिसते पण गॅसचा आवाज येत नाही, असे झाल्यास आधी कॅनिस्टर तपासावा.

पेटवताना नॉब थोडाच उघडावा, कारण जोरदार झोतात ठिणगीला योग्य मिश्रण मिळत नाही. दोन-तीन प्रयत्नांत ज्योत आली नाही, तर नॉब बंद करून साचलेला गॅस पुरता विरू द्यावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचून राहतो. चेहरा बर्नरवर आणू नये आणि तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

पर्याय म्हणून काडेपेटी पाणी न शिरणाऱ्या डबीत ठेवावी. लायटरमध्येही ब्यूटेनच असल्याने तो थंडीत आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. घासून ठिणग्या पाडण्याची फेरोसेरियमची कांडी आम्हांला सर्वांत भरवशाची वाटते. तिच्या ठिणग्या म्हणजे जळते धातुकण असतात आणि भिजलेली कांडी पुसली की पुन्हा चालते.

वाकलेला इलेक्ट्रोड बर्नर थंड असतानाच हलक्या हाताने सरळ करावा. सिरॅमिकचे आवरण ठिसूळ असल्याने त्यावर पक्कड लावू नये. चिरलेली तार मात्र चिकटपट्टी न गुंडाळता बदलून घ्यावी. स्टोव्ह दुरुस्तीस आणताना कॅनिस्टर काढून ठेवावा आणि खटका ओलीत, थंडीत की उंचीवर चालला नाही, हे कागदावर लिहून आणावे. त्यावरून दोष लवकर सापडतो.