फोनवर साठ, काट्यावर सहासष्ट: क्लच घसरतोय की मागचा क्राऊन-पिनियन वेगळा?

कसारा घाट उतरून शहापूरच्या सपाटीला लागलो तेव्हा फोनवरचा जीपीएस साठ दाखवत होता आणि जीप जरा जास्तच ओरडत होती. जीप मित्राची. जुनी, डिझेल, चार गिअरची, फोर बाय फोर, घेऊन महिनाही झाला नव्हता. त्याच्या काकांकडे पूर्वी अशीच जीप होती, तिचा साठचा आवाज त्याच्या कानात बसलेला. त्याने दोनदा गिअरचा दांडा चाचपला. टॉपलाच होता. डॅशबोर्डावरचा काटा सहासष्टच्या आसपास होता, पण जुन्या जिपेचा काटा खरं बोलेल अशी कुणाचीच अपेक्षा नसते, म्हणून आम्ही तो सोडून दिला. तिथेच चुकलो.

गॅरेजवाल्याने लक्षण ऐकूनच निदान केलं, "क्लच स्लिप मारतोय." गिअरबॉक्स उतरला, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवं पडलं. आठवड्याने पुन्हा तोच रस्ता, फोनवर तेच साठ, आणि आवाजात तसूभर फरक नाही. काढलेली प्लेट मित्राने मागून घेतली होती. ती हातात घेऊन पाहिली तर लायनरच्या खाचा शाबूत, रिव्हेटची डोकी चांगली आत, तेलाचा डाग नाही. अशी प्लेट घसरायचं कारण नव्हतं.

घोटाळा असा होतो की दोन अगदी वेगळ्या गोष्टींची तक्रार आपण एकाच वाक्यात करतो: "गाडी रेस घेते, पण पळत नाही." क्लच घसरतो तेव्हा इंजिनाचं फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ते जड चाक) आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फेऱ्या हरवतात. इंजिन अडीच हजार फिरतं, गिअरबॉक्सला त्यातले बावीसशेच पोचतात, बाकीच्यांची उष्णता होऊन लायनर जळतो. गिअरिंग आखूड असतं तेव्हा एकही फेरी हरवत नाही. प्रत्येक फेरी चाकापर्यंत जाते, फक्त चाकाच्या एका फेरीसाठी इंजिनाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. पहिला आजार आहे आणि तो वाढत जातो. दुसरा गाडीचा स्वभाव आहे: आज जसा, तसाच दहा वर्षांनी.

म्हणून पहिला प्रश्न "आवाज किती?" हा नाही. आवाज भाराबरोबर बदलतो का, हे आधी पाहायचं. क्लचची घसरण चढावर, भरलेल्या गाडीत, टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडी पडते आणि सपाटीवर हलक्या पायाने चालवताना दडून बसते. डिझेलमध्ये तर ती कमी फेऱ्यांवरच दिसते, कारण या इंजिनांचा जोर तिथेच असतो. दातांच्या जोड्यांना मात्र चढ-उतार कळत नाहीत. सपाटीवर साठला २४४५ फेऱ्या असतील, तर घाटातही साठला २४४५च.

हा आकडा येतो कुठून? साठच्या वेगाने गाडी मिनिटाला १००० मीटर जाते. ६.००-१६ चा टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर चालतो, म्हणजे मिनिटाला सुमारे ४५४ फेऱ्या. चार गिअरच्या जिपेत टॉप गिअर थेट असतो, ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा, तोही हायमध्ये थेट. उरला फक्त मागचा क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टच्या फेऱ्या चाकांकडे वळवणारी ॲक्सलमधली दातांची जोडी. तो ८/४३ दातांचा असेल तर गुणोत्तर ५.३८ आणि इंजिन २४४५ वर. ८/३९ असेल तर ४.८८ आणि इंजिन २२१८ वर. ११/४७ असेल तर ४.२७ आणि १९४० च्या आसपास. टायरचा आकडा पुस्तकातून घेऊ नका. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ एक फेरी ढकला आणि टेप लावा. हवा कमी असेल, टायर झिजलेला असेल, तर तो फरकही त्यातच येतो.

आता फेऱ्या मोजायच्या कशा? या वयाच्या बहुतेक जिपांना आरपीएमचा काटाच नाही. डिझेलला स्पार्क प्लगही नाही, त्यामुळे पेट्रोल गाडीसारखं वायरला चिमटा लावून फेऱ्या वाचता येत नाहीत. लेझरचा मीटर पुलीवर उभ्या गाडीत चालतो, धावत्या गाडीत त्याचा उपयोग नाही. मी फोनवर आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप लावलं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेरीत दोन स्फोट होतात, म्हणून दिसलेल्या हर्ट्झला ३० ने गुणलं की मिनिटाच्या फेऱ्या मिळतात. ताडपत्रीचा फडफडाट आणि टायरचा घुमारा यांतून खालचा ठळक सुळका शोधावा लागतो, पण सापडतो. आमचा ८१-८२ वर होता, म्हणजे २४४५ च्या जवळ. काकांची जीप ४.८८ ची असेल तर तिचा ७४ असणार. पेटीवर हा फरक सा वरून शुद्ध रे च्या थोडा अलीकडे येतो. मित्राचा कान बरोबर होता, फक्त त्याने काढलेला अर्थ चुकला.

आणि आता त्या काट्याकडे, ज्याला आम्ही खोटारडा ठरवलं होतं.

या जिपांत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवरून निघते. म्हणजे काटा चाकं मोजत नाही, प्रोपेलर शाफ्टच्या (ट्रान्सफर केसकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या नळीच्या) फेऱ्या मोजतो आणि मागे कोणता क्राऊन-पिनियन आहे हे गृहीत धरतो. क्लच त्याच्या आधी आहे, डिफरन्शियल (ॲक्सलमधला क्राऊन-पिनियनचा गोळा) त्याच्या नंतर. एवढ्या एका गोष्टीवर पूर्ण निदान उभं राहतं. क्लच घसरला तर इंजिन आणि काटा यांची फारकत होते, पण काटा आणि जीपीएस एकमेकांशी जुळलेले राहतात, कारण शाफ्टपासून चाकापर्यंत सगळं ठीक असतं. मागचा क्राऊन-पिनियन बदललेला असेल तर इंजिन आणि काटा यांचं छान जमतं आणि काटा व जीपीएस यांचं बिनसतं. ४.८८ साठी बेतलेला काटा ५.३८ च्या मागच्या ॲक्सलवर खऱ्या साठला सहासष्ट दाखवणार. अगदी तेच आम्हाला दिसत होतं.

एक खाच आहे. मूळपेक्षा लहान टायर बसवले तरी काटा असाच पुढे धावतो. मोठे बसवले, समजा ३१ इंची, तर उलटं होतं: फेऱ्या कमी होतात आणि काटा मागे पडतो. म्हणून खडू-टेपचं काम आधी, काट्यावरून निष्कर्ष नंतर.

हे ५.३८ मुळात आलं कुठून, ते सांगायलाच हवं, कारण कारखान्याचं गिअरिंग कितीदा तरी बिघाड समजलं जातं. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जिपा जुळवायला घेतल्या. पुढे आलेल्या सीजे-३बी मध्ये २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं. त्याच्या उंचीमुळेच तिचं बॉनेट असं वर आलेलं दिसतं. ते इंजिन चार हजार फेऱ्यांपर्यंत जायचं आणि शेतात, चिखलात ओढायला ५.३८ त्याला शोभायचं. पुढे डिझेल स्वस्त म्हणून असंख्य जिपांतून पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं, ॲक्सल मात्र जुनाच राहिला. ऐंशीच्या दशकातल्या एमएम ५४० मधलं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल चार हजारांच्या पुढेही फिरतं, त्याला आखूड गिअरिंग फारसं बोचत नाही. पण महिंद्राचं २५२३ सीसीचं एमडीआय ३२०० डिझेल घ्या. २०१० मध्ये आलेल्या थारच्या डीआय रूपातही तेच होतं आणि त्याची पूर्ण ताकद ३२०० फेऱ्यांवर येते. त्याच्यामागे ५.३८ लावलं की ऐंशीच्या वेगाला ३२६० फेऱ्या भरतात, म्हणजे दम संपला. असा जीपवाला "पुढे ओढतच नाही" म्हणत क्लच, मग डिझेल फिल्टर, मग नोझल असा खर्च करत जातो.

जाता जाता: ट्रान्सफर केस लोमध्ये अडकलाय अशी शंका असेल तर ती हिशेबानेच निकालात निघते. लोचं गुणोत्तर २.४६ धरलं तर साठला सहा हजारांवर फेऱ्या लागतील. डिझेल तिथवर पोचतच नाही. डिझेल पंपातला फेऱ्या अडवणारा गव्हर्नर तुम्हाला त्याच्या कितीतरी आधीच थांबवेल. पाच गिअरच्या डब्यात मात्र पाचवा नीट पडतोय का हे पाहा आणि वरचा हिशेब चौथ्यावर करा, कारण थेट गिअर तोच.

क्राऊन-पिनियनची खात्री दात न उघडता होते. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, गिअर न्यूट्रल, टू-व्हील. मागचं एकच चाक जॅकवर, खाली घोडी (आधाराचा स्टँड), दुसरं जमिनीवर. जुन्या जिपांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवरच असतो. तो ओढलेला असेल तर शाफ्ट हलणार नाही, म्हणून तो सोडावा लागतो आणि सगळी भिस्त दगडांवर राहते. गाडीखाली अंग घालू नका, शाफ्टवरची खूण बाजूने दिसते. वर उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा. एक चाक स्थिर असल्यामुळे डिफरन्शियल अर्ध्याने फिरतं, म्हणून दोन फेऱ्या. तेवढ्यात शाफ्ट जितक्यांदा फिरतो तेच गुणोत्तर. आम्ही शाफ्टला पांढरी चिकटपट्टी लावली. मित्र चाक फिरवतोय, मी पालथा पडून मोजतोय: पाच पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. ५.३८.

आता खरोखर क्लचच असेल तर? चौथ्यात, चाळीसच्या आसपास, हलक्या चढावर पाय पूर्ण दाबा. हर्ट्झ चढले आणि जीपीएस जागचा हलला नाही तर शंका नको, जळका वासही येईल. हँडब्रेक ओढून टॉपमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का पाहायचं, ही गॅरेजची आवडती परीक्षा एकदा ठीक आहे. पाच गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी पाचदा केली तर चांगली प्लेटही तिथेच भाजते. आणि प्लेट मागवण्याआधी पॅडल हाताने दाबून बघा. वर थोडी मोकळी हालचाल हवीच. ती नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि धडधाकट क्लच घसरतो. पाना फिरवून भागणारं काम आहे ते. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कव्हरच्या) तळाशी तेल गळत असेल तर क्रँकचं मागचं सील आधी, प्लेट मग. नाहीतर नवी प्लेटही महिन्यात तेलकट होणार. उलट, फेऱ्याच वाढत नसतील आणि गाडी जड वाटत असेल, तर क्लच आणि गिअरिंग दोघंही निर्दोष. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टरकडे जा.

आमच्या जिपेचं कोडं पुढचा ॲक्सल मोजल्यावर सुटलं. तिथे दोन फेऱ्यांना पाचही भरेनात: ४.८८. म्हणजे आधीच्या कुणी मालकाने मागच्या ॲक्सलची हौसिंग जुन्या बाजारातून, हाती लागली ती, बसवली होती. टू-व्हीलमध्ये साध्या रस्त्यावर याने फक्त आवाज वाढतो. पण या जिपेचं फोर बाय फोर अर्धवेळ, म्हणजे दांडा टाकला की पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने बांधला जातो. मग पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त धावू पाहतात. चिखलात ती घसरून जिरवतात. डांबरावर सरळ जातानाही टायर खरवडले जातात, सगळा ताण शाफ्टच्या जॉइंटवर येतो आणि दांडा बाहेर निघता निघत नाही. घेताना मित्राने एकदा फोर बाय फोर टाकून पाहिलं होतं आणि दांडा अडकला म्हणून "ग्रीस कमी असेल" असं समजून घरी आला होता.

मागे ८/३९ ची जोडी घालायची ठरलंय. पुढचं बदलून दोन्हीकडे ५.३८ करणंही चाललं असतं, पण त्याला कसाऱ्याहून घरी शांतपणे यायचंय. जोडी एकत्र घासून आलेलीच लागते, एकीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन जमत नाही, म्हणून शोध चालू आहे. तोवर फोर बाय फोरचा दांडा त्याने सुतळीने सीटला बांधून ठेवलाय, आणि काट्यावर सहासष्ट झाले की साठ समजतो.