नीरेचा पाट उसाकडे कसा वळला

1876-78 च्या दुष्काळात दख्खनमधली ज्वारी-बाजरी करपली आणि इंग्रज सरकारला कालव्यांची निकड पटली. नीरा डावा कालवा त्याच धास्तीतून निघाला. साठा भोरजवळ भाटघरला, येळवंडी नदीवर, म्हणजे घाटाच्या पावसात. आणि भिजायची ती पुरंदर, बारामती, इंदापूरकडची अवर्षणाची जमीन.

पण दुष्काळासाठी खोदलेल्या पाटाला सुकाळात गिऱ्हाईक नसते. पाऊस बरा झाला की पैसे मोजून ज्वारी कोण भिजवणार? पावसाने दडी मारली की मात्र सगळे एकदम पाणी मागणार. पाणीपट्टीतून खर्च निघेना. बारा महिने पाणी घेणारा आणि पट्टी परवडणारा एकच: ऊस. त्याला पाणी दिले की तिजोरीचे भागते, दुष्काळाचे राहून जाते. पुढचे सगळे नियम या एका पेचाभोवती फिरत राहिले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंते विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. ठरावीक गटातच, ठरावीक मुदतीसाठी पाण्याची हमी. गटाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीत हंगामी पिके आणि फेरपालट. विखुरलेल्या तुकड्यांसाठी लांबलांब चाऱ्या (कालव्यातून शेताकडे जाणारे छोटे पाट) भरण्यात पाणी मुरते, ते यातून वाचणार होते. 1928 मध्ये भाटघरचे नवे, सुमारे 24 टीएमसीचे (म्हणजे 24 अब्ज घनफुटांचे) धरण झाले. पाणी वाढले, ऊसही वाढला. काळ्या जमिनीत भरमसाट पाणी, निचऱ्याला चर नाहीत; मग पाणी वर चढते, उन्हाने क्षार पृष्ठभागावर येतात आणि रान खारवट, चोपण होते. नीरा खोऱ्याने हे फार लवकर पाहिले.

वाटपाचा हिशेब तसा सरळ आहे. एक क्यूसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, पाणी चोवीस तास चालले तर साधारण दोन एकर-फूट होते, म्हणजे दोन एकरांवर फूटभर पाणी. एका पाळीला, म्हणजे एका वेळच्या भिजवणीला, तीन इंच पाणी धरले तर आठ एकर भिजतात, गळती वजा न करता. पाणी मोजकेच, म्हणून शेजपाळीत, म्हणजे शेजाऱ्यांनी क्रमाने पाणी घेण्याच्या पद्धतीत, ते शेपटाकडून (कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून) वर देत यायचे असते. वरच्याने आधी दार उघडले, बांधातून सायफन टाकला किंवा रात्री पाणी घ्यायला कोणी गेलेच नाही, की खालची पाळी कागदावरच राहते.

1987 मध्ये राज्याने आठमाही धोरण आणले: पाटाचे पाणी खरीप-रब्बीला, उन्हाळ्यात ऊस जगवायचा तर आपल्या विहिरीवर. ऐकायला चोख. पण लाभक्षेत्रातली, म्हणजे कालव्याखालच्या भागातली, विहीर भरते कशाने? बऱ्याच अंशी कालव्याच्या पाझरानेच. म्हणून अस्तरीकरणाचे, म्हणजे गळती थांबवायला कालव्याला आतून अस्तर लावण्याचे, काम निघाले की शेपटाचा शेतकरी खूश असतो आणि कालव्याकाठचा विरोधाला उभा राहतो. एकाची गळती ही दुसऱ्याची विहीर असते.