आडवा गहू, उभा गहू आणि पाचशे वाफे

परवा एका मित्राने फोटो पाठवला. गव्हाचे दोन वाफे, मध्ये हातभर वाट. डावीकडचा गहू असा लोळलेला, जणू रात्रभर त्यात म्हशी बसल्या होत्या. उजवीकडचा ताठ, सगळ्या ओंब्या एका उंचीवर. खाली ओळ होती : ‘पाऊस तोच, जमीन तीच, फरक फक्त वाणाचा!’

‘पाऊस तोच’ हे मी मान्य करतो. ‘जमीन तीच’ हे मात्र कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी मानणार नाही. या हट्टाचं कारण शंभराहून अधिक वर्षं जुनं आहे.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला १८४३ पासून शेतीचे प्रयोग चालू आहेत. १९१० साली तिथे गव्हाचं एक शेत निवडलं गेलं. शेत दिसायला एकसारखं, वाण एक, खत एक, पेरणीही एकाच वेळची. त्यातला एक एकर भाग कापणीच्या वेळी ५०० छोट्या वाफ्यांत विभागला आणि प्रत्येक वाफ्याचं धान्य वेगळं झोडून वेगळं तोललं. हा प्रयोग करणाऱ्या मर्सर आणि हॉल यांनी हे आकडे १९११ मध्ये छापले. सरासरी वाफ्याला ३.९५ पौंड, म्हणजे सुमारे १.८ किलो. सर्वांत गरीब वाफा २.७३ पौंडांचा आणि सर्वांत श्रीमंत ५.१६ पौंडांचा. जवळजवळ दुप्पट! कुणी या दोन वाफ्यांवर दोन वेगळ्या वाणांच्या पाट्या ठोकल्या असत्या, तर जाहिरात तयार होती.

ही तफावत येते कुठून? कुठे माती बोटभर खोल, कुठे जुन्या बांधाची जागा, कुठे कधीकाळी खताचा ढीग पडलेला. आणि पाऊस भरपूर असेल तिथे या सगळ्यांवर एक गोष्ट मात करते, ती म्हणजे निचरा.

ऑक्सिजन हवेत जितक्या सहजतेने पसरतो, त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश पाण्यात पसरतो. मातीच्या कणांमधली पोकळी पाण्याने भरली की मुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना जो काही ऑक्सिजन उरलेला असतो तो एक-दोन दिवसांत संपतो. मग काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नत्र वायुरूपात निघून जातो. एकीकडे मुळं गुदमरतात, दुसरीकडे पोतं फोडून टाकलेलं खत हवेत उडतं. भाताच्या मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ नळ्या असतात, म्हणून तो तग धरतो. गव्हात आणि सातूत ही सोय फारच तोकडी. त्यामुळे डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या शेतातला चार बोटांचा खोलगटपणा उत्पादनात ठळक दिसतो. कोरड्या प्रदेशात हाच खोलगटपणा उलट ओल धरून पिकाला तारतो. एकच खड्डा, पण पाऊस बदलला की त्याचा गुणधर्मच उलटतो.

आता माझ्या आवडीच्या जागेकडे येतो. जमीन अशी लहरी असेल तर वाणांची तुलना करायची कशी?

पहिला विचार असा येतो की वाफे मोठे करू, म्हणजे खाचखळगे आपोआप सरासरीत मुरतील. मुरतात, पण अपेक्षेपेक्षा फार कमी. १९३८ मध्ये संशोधक फेअरफील्ड स्मिथ यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेरातल्या गव्हाच्या आकड्यांवरून दाखवलं की वाफ्याचं क्षेत्र दुप्पट केलं तरी उत्पादनाचं प्रचरण, म्हणजे विखुरलेपणाचा वर्ग, निम्मं होत नाही. कारण सोपं आहे. शेजारची जमीन शेजाऱ्यासारखीच असते. वाफा मोठा करताना तुम्ही जोडलेला तुकडा नवीन माहिती आणतच नाही, जुनीच पुन्हा सांगतो. एकाच गल्लीतल्या दहा जणांना विचारून गावाचं मत कळत नाही, तसंच हे. म्हणून एक मोठा वाफा करण्याऐवजी तेवढ्याच जागेचे चार छोटे वाफे शेतात चार ठिकाणी पसरवणं कितीतरी फायद्याचं. याला म्हणायचं पुनरावृत्ती.

पण शेजारी शेजाऱ्यासारखा असतो ही गोष्ट उपयोगालाही येते. उताराचं शेत घ्या. वरचा पट्टा निचऱ्याचा, मधला बरा, खालचा पाणथळ. प्रत्येक पट्ट्यात, समतल रेषेला धरून, सगळेच्या सगळे वाण एकेकदा पेरायचे. अशा पट्ट्याला गट म्हणतात. आता तुलना गटाच्या आतच होते : वरच्या पट्ट्यातला वाण वरच्या पट्ट्यातल्या भावंडांशीच झगडतो आणि पट्ट्यापट्ट्यांतला फरक हिशेबातून सरळ वजा होतो. पावसाळी शेतात हे गट उतारावरून खाली धावणारे आखले, तर सगळं मुसळ केरात. मग एकाच गटात कोरडं टोक आणि ओलं टोक दोन्ही येतात आणि ज्याच्या वाट्याला ओलं टोक येईल तो वाण हकनाक बदनाम होतो.

गटाच्या आत कोण कुठे बसेल हे कुणी ठरवायचं? चिठ्ठ्या टाकून. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रोथॅमस्टेडला आले आणि १९२६ च्या एका लेखात त्यांनी हा आग्रह स्पष्ट मांडला. त्यांचे मित्र विल्यम गॉसेट यांना ते पटत नव्हतं. सातूच्या चाचण्यांत मुरलेला हा माणूस म्हणे, शेत डोळ्यांसमोर आहे, उतार कुठे ते कळतंय, मग वाण विचारपूर्वक आलटून पालटून मांडा की! चिठ्ठीने एखाद्या वेळी वेडीवाकडी मांडणी आली तर? वाद १९३७ मध्ये गॉसेट गेले तोपर्यंत मिटला नाही. माझं मत फिशरच्या बाजूने आहे, पण गॉसेट मूर्ख नव्हते. विचारपूर्वक मांडणी कदाचित जास्त अचूक असेलही, मात्र ती किती अचूक आहे हे प्रामाणिकपणे मोजायला तुमच्याकडे काही उरत नाही. चिठ्ठीत ते उरतं. आठ वाण एका गटात ४०,३२० प्रकारे बसू शकतात. तुमच्या वाणाला मिळालेली आघाडी यांतल्या किती मांडण्यांत निव्वळ योगायोगाने आली असती, हे विचारता येतं. जमिनीला आपलं म्हणणं मांडण्याची संधी मिळते, एवढंच.

थोडा आकड्यांचा हिशेब करू. समजा वाफ्यावाफ्यांतला विखुरलेपणा सरासरीच्या १० टक्के आहे. दोन वाण, प्रत्येकी एकच वाफा. फरकाची प्रमाण-चूक, म्हणजे तो निव्वळ योगायोगाने साधारण किती हलू शकतो याचं माप, १० गुणिले वर्गमूळात २, म्हणजे सुमारे १४ टक्के. ढोबळ नियम असा की फरक या चुकीच्या दुपटीपेक्षा मोठा असेल तरच दखल घ्यावी, म्हणजे उंबरठा २८ टक्क्यांचा. मित्राच्या फोटोची लायकी एवढी! प्रत्येकी चार वाफे केले की उंबरठा १४ वर येतो. गट नीट आखून विखुरलेपणा १० वरून ६ टक्क्यांवर आणला, तर साधारण साडेआठवर. आणि नवे वाण जुन्यांपेक्षा सहसा किती चांगले असतात? थोड्याच टक्क्यांनी. म्हणजे उत्तम आखलेली चार पुनरावृत्तींची एक चाचणीही दोन चांगल्या वाणांत निवाडा करू शकत नाही. म्हणून तर त्या अनेक ठिकाणी आणि अनेक वर्षं घ्याव्या लागतात. चाचण्यांच्या निकालांच्या तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात ‘किमान लक्षणीय फरक’ (हाच तो उंबरठा) अशी ओळ असते ना, तक्ता तिथून वाचायला सुरुवात करावी.

हेच गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत नोकरीला होते. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये त्यांनी छोट्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची जी रीत दिली, ती आज जगभर शिकवली जाते. गंमत अशी की १९५५ पासून निघालेलं विक्रमांचं पुस्तकही याच गिनेसच्या घरातलं. २०२० साली न्यूझीलंडमधल्या एका शेतावर हेक्टरी १७.३९८ टन गहू निघाला आणि त्याची नोंद त्या विक्रमांत झाली. आकडा खराच थक्क करणारा आहे. पण एका शेताचा एका वर्षाचा आकडा, ज्याच्या शेजारी तुलनेला काहीच नाही, तो वाणाबद्दल नेमकं काय सांगतो? गॉसेटना विचारलं असतं तर त्यांनी पुनरावृत्ती किती, एवढंच विचारलं असतं.

इथवर वाण हा एकटाच उमेदवार होता. जास्त पावसात तो एकटा नसतोच.

गव्हावर सेप्टोरिया नावाची बुरशी पडते. खालच्या करपलेल्या पानांवर तिचे सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात, त्यांत बीजाणू. पावसाचा थेंब जोरात आदळतो आणि उडालेल्या शिंतोड्यांबरोबर बीजाणू एक मजला वर चढतात. पुढचे दोन ते चार आठवडे वरचं पान हिरवंगार दिसतं, आत मात्र बुरशी पसरत असते. दाणे भरण्याचं मोठं काम ओंबीलगतच्या वरच्या पानांवर असतं, ती गेली की दाणा पोचट. म्हणून बुरशीनाशक फवारायचं. आता समजा, नुसतं समजा हं, ‘अ’ वाण फवारणीशिवाय हेक्टरी ६ टन देतो आणि फवारल्यावर ९.५. ‘ब’ वाण फवारणीशिवाय ८ आणि फवारल्यावर ८.८. कोणता चांगला? सरासरी काढली तर ‘ब’ जिंकतो, ८.४ विरुद्ध ७.७५. पण फवारणार असाल तर ‘अ’ घ्यायला हवा. ‘चांगला वाण’ हा गुण नुसत्या बियाण्यात नाही, बियाणं आणि वागणूक यांच्या जोडीत आहे. सरासरी हे लपवते.

हे पकडायचं तर चाचणीत दोन्ही हवेत. पण फवारा शेजारच्या वाफ्यावर उडतो, म्हणून चिमुकल्या वाफ्यांत फवारलेला-न फवारलेला असा खेळ जमत नाही. मग मोठे पट्टे करतात, फवारणीचे आणि बिनफवारणीचे, चिठ्ठीनेच. प्रत्येक पट्ट्याच्या पोटात वाणांचे छोटे वाफे. याला विभाजित वाफे म्हणतात. इथे एक सुंदर सौदा होतो. पट्टे थोडेच असल्यामुळे ‘फवारणीने सरासरी किती फायदा’ याचं उत्तर जरा ढोबळ मिळतं. पण ‘फवारणीचा फायदा वाणागणिक किती बदलतो’ याचं उत्तर छोट्या वाफ्यांच्या बारकाईने मिळतं, कारण पट्ट्याचा चांगला-वाईटपणा त्यातल्या सगळ्या वाणांना सारखाच लागतो आणि वजाबाकीत निघून जातो. आपल्याला हवं ते नेमकं अचूक, नको ते ढोबळ. हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. वाचकाला लागली असल्यास हरकत नाही.

पेरणीच्या तारखेचंही तसंच. ज्या गव्हाला फुलण्याआधी थंडीचे काही आठवडे लागतात तो लवकर पेरायचा आणि झटपट वाढणारा उशिरा. दोघांना एकाच दिवशी पेरून ‘समान वागणूक’ म्हणणं म्हणजे मासा आणि माकड यांची झाडावर चढण्याची शर्यत. चंद्राची कला पाहून पेरल्यास दाणा भरतो म्हणणारेही इथेच फसतात. अमावास्या आणि पौर्णिमा यांत पंधरा दिवस जातात. तेवढ्यात वाफसा येतो किंवा जातो, माती तापते किंवा निवते. श्रेय चंद्राला. त्याची खरी चाचणी घ्यायची तर बरेच चांद्रमास आणि बऱ्याच पुनरावृत्ती लागतील. दाव्यांचा पाऊस पडतो, असली चाचणी घ्यायला मात्र दावेदार सहसा पुढे येत नाहीत.

आता त्या लोळलेल्या गव्हाकडे. गहू दोन तऱ्हांनी आडवा होतो. एक, खोड खालच्या पेऱ्यात वाकतं. दोन, खोड शाबूत राहतं आणि मुळांचा गड्डाच ओल्या मातीत कलंडतो, कारण भिजलेल्या मातीची पकड सुटते. भिजलेली जड ओंबी वर, वाऱ्याचा धक्का, खाली चिखल. नत्र जास्त झालं तर फुटवे दाटतात, बुडाशी सावली पडते, खालची पेरी लांब आणि बारीक होतात. फोटोतल्या डाव्या वाफ्यावर खताच्या यंत्राचा फेरा दोनदा गेला नव्हता कशावरून? मुळं उपटून पाहिली असती तर निदान खोड की माती एवढं कळलं असतं. शिवाय कडेच्या ओळींना उजेड जास्त मिळतो, त्यामुळे त्या ताठ आणि भरघोस दिसतात. चाचणीत या कडा कापून टाकतात आणि आतलंच तोलतात. फोटो कडेनेच काढला जातो.

गट कितीही शहाणपणाने आखले तरी पाणी आखलेल्या रेषा पाळत नाही. डबकं गटाच्या मधोमध साचतं. १९३७ मध्ये ग्रीक कृषिशास्त्रज्ञ पापाडाकिस यांनी यावर तोडगा सुचवला : प्रत्येक वाफ्याचा निकाल त्याच्या शेजाऱ्यांच्या अवस्थेवरून दुरुस्त करायचा. शेजारचे दोन्ही वाफे आपापल्या वाणाच्या सरासरीपेक्षा खाली असतील, तर ही जागाच वाईट, मधल्या वाफ्याला थोडी सूट. आजची संगणकी पद्धत हेच ओळी आणि स्तंभ अशा दोन्ही दिशांनी करते, वाफ्यांतलं अंतर वाढेल तसं साम्य घटत जातं असं धरून.

पण या साऱ्या गणिताच्या बाहेर एक भोक राहतं. चाचणीसाठी जमीन निवडताना निचऱ्याची, एकसारखी निवडतात, निकाल स्वच्छ यावेत म्हणून. आणि अतिवृष्टीत एखादी चाचणी बुडाली, विखुरलेपणा हाताबाहेर गेला, की तिचे आकडे अविश्वसनीय म्हणून तक्त्यातून वगळले जातात. सांख्यिकीच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. परिणाम असा की जास्त पावसाच्या प्रदेशासाठीच्या शिफारशी तिथल्या त्यातल्या त्यात कोरड्या जागांवर आणि बऱ्या वर्षांवर उभ्या राहतात, आणि ज्या वाफ्यांत पाण्यात कोण टिकतं हे दिसलं असतं, नेमके तेच वाफे गाळले जातात.